सगळ्या स्पीकरांतून आवाज येणे म्हणजे सराउंड नव्हे

होम थिएटर बसवायला आलेला तंत्रज्ञ सगळ्या तारा जोडून झाल्यावर रिमोट हातात घेतो, एक बटण दोन-चारदा दाबतो आणि पाचही स्पीकरांतून एकदम गाणे वाजू लागले की समाधानाने म्हणतो, “बघा काका, आता सगळीकडनं आवाज येतोय.” आमच्या घरी अगदी असेच घडले, आणि त्यानंतरचे सात-आठ महिने आम्ही बातम्या, सामने, चित्रपट असे सगळे काही त्याच एका मोडवर ऐकत राहिलो. पडद्यावरची नायिका समोर बोलत असे, पण तिचा आवाज सोफ्याच्या पाठीमागूनही येत असे, आणि घरातल्यांना अधूनमधून उगाचच मागे वळून पाहावेसे वाटे. यंत्रात कसलाही बिघाड नव्हता. रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या यंत्राच्या, पट्टीवर ‘मल्टी चॅनेल स्टिरिओ’ ही अक्षरे पहिल्या दिवसापासून दिसत होती. ती वाचून त्यांचा अर्थ काय, हे विचारण्याची तसदी मात्र आम्ही कुणी घेतली नव्हती.

साउंड मोडची यादी पहिल्यांदा पाहणाऱ्याचा गोंधळ होतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. ‘डॉल्बी डिजिटल’, ‘डॉल्बी सराउंड’, ‘डीटीएस न्यूरल:एक्स’, ‘स्ट्रेट’, ‘डायरेक्ट’, ‘जॅझ क्लब’, ‘हॉल इन व्हिएन्ना’, ‘मोनो मूव्ही’ ही सगळी नावे एकाच बटणाखाली एकामागून एक येतात, त्यामुळे ती एकाच जातीची असावीत असे वाटते. प्रत्यक्षात ती निदान तीन जातींची आहेत. काही नावे बाहेरून आलेल्या ध्वनीचा प्रकार सांगतात, काही नावे त्या ध्वनीची वेगवेगळ्या स्पीकरांत वाटणी कशी केली ते सांगतात, आणि काही नावे मूळ ध्वनिमुद्रणात नसलेली अशी एखादी काल्पनिक जागा त्यात मिसळल्याचे सांगतात. काही रिसीव्हरांवर ‘डॉल्बी डिजिटल + डॉल्बी सराउंड’ अशी जोडी दिसते. त्यात अधिकच्या चिन्हाआधीचे नाव आलेल्या मालाचे असते आणि नंतरचे नाव रिसीव्हरने त्यावर केलेल्या कामाचे. ‘सगळ्यात चांगला मोड कोणता’ या प्रश्नाला उत्तर नसते, ते यामुळेच. आधी आलेय काय, ते पाहायचे. त्याचे काय करायचे, हे नंतर ठरवायचे.

येणारा ध्वनी साधारणपणे तीन रूपांत येतो. पहिले रूप दोन चॅनेलांचे, म्हणजे ध्वनीच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन स्वतंत्र वाटांचे: स्टिरिओ. गाण्यांची बहुतेक अ‍ॅप, बऱ्याच दूरचित्रवाहिन्या आणि समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ याच रूपात येतात. दुसरे रूप ५.१ किंवा ७.१ चे. ५.१ मध्ये समोर डावा, मधला आणि उजवा असे तीन, तर बाजूला किंचित मागे दोन सराउंड, असे पाच पूर्ण चॅनेल असतात. दशांशचिन्हानंतरचा एक म्हणजे केवळ खालच्या, साधारण १२० हर्ट्झपर्यंतच्या दणक्यांसाठी राखून ठेवलेला वेगळा चॅनेल. तिसरे रूप डॉल्बी अ‍ॅटमॉस किंवा डीटीएस:एक्स यांचे. यात काही ध्वनी ठरावीक चॅनेलांत बसवलेले नसतात, तर ‘हा आवाज खोलीत अमुक ठिकाणी आहे’ अशा सूचनेसह पाठवले जातात, आणि तुमच्याकडे जे स्पीकर असतील त्यांवर ती सूचना कशी पाळायची हे रिसीव्हर ठरवतो. अ‍ॅटमॉस चित्रपटगृहांत २०१२ साली आले आणि घरगुती रिसीव्हरांत २०१४ साली.

आता खरी गंमत अशी की, घरात ५.१ ची यंत्रणा असली आणि चित्रपटही ५.१ चा असला, तरी रिसीव्हरपर्यंत पुष्कळदा दोनच चॅनेल पोहोचत असतात. सेट टॉप बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ निवडलेले असेल, तर बॉक्स स्वतःच पाचाचे दोन करून पाठवतो आणि मग रिसीव्हरवर कोणताही मोड लावला तरी गेलेले चॅनेल परत येत नाहीत. टीव्हीच्या सेटिंगमध्येही ‘डिजिटल साउंड आउटपुट’ किंवा तत्सम नावाचा असाच एक पर्याय असतो. तिथे ‘पीसीएम’ऐवजी ‘पास थ्रू’ किंवा ‘ऑटो’ असायला हवे. तारेचाही प्रश्न असतो. ऑप्टिकल तारेतून साधे स्टिरिओ किंवा डॉल्बी डिजिटल आणि डीटीएसचे ५.१ एवढेच जाऊ शकते. ओटीटीवाले ज्या डॉल्बी डिजिटल प्लसमधून अ‍ॅटमॉस पाठवतात, ते तिच्यातून जात नाही. टीव्हीकडून रिसीव्हरकडे ध्वनी पाठवणाऱ्या एचडीएमआयच्या ‘एआरसी’ जोडणीतून ते जाऊ शकते, आणि तिची सुधारित आवृत्ती ‘ईएआरसी’ असेल तर ब्लू-रे डिस्कवरचा कसलीही काटछाट न केलेला ट्रूएचडी ध्वनीही जातो. त्यामुळे मोडचे बटण दाबण्याआधी रिमोटवरचे ‘इन्फो’ किंवा ‘स्टेटस’ बटण दाबून नेमके काय येत आहे ते पाहावे. मी ते पाहिले, तेव्हा आमचा बॉक्स इतके दिवस दोनच चॅनेल पाठवत होता असे आढळले. मेनूतला एक पर्याय बदलल्यावर काही एचडी वाहिन्यांवर पट्टीवरचे नाव बदलून ‘डॉल्बी डिजिटल प्लस’ झाले, तेव्हा कुठे मागचे दोन स्पीकर आपापले स्वतंत्र काम करू लागले.

आलेला ध्वनी ५.१ किंवा त्याहून मोठा असेल, तर माझे मत सरळ आहे: त्याला हात लावू नये. मिश्रण करणाऱ्या ध्वनिसंयोजकाने पावसाचा आवाज कुठे, दार उघडल्याचा कुठे आणि संवाद कुठे, हे आठवडेच्या आठवडे बसून ठरवलेले असते. रिसीव्हरने ते जसेच्या तसे उलगडून द्यावे, एवढीच अपेक्षा. या ‘जसेच्या तसे’ला प्रत्येक कंपनी वेगळे नाव देते. यामाहावर ते ‘स्ट्रेट’ असते, सोनीच्या रिसीव्हरांवर ‘ए.एफ.डी.’, तर इतरत्र आलेल्या प्रकाराचेच नाव मोड म्हणून दिसते. यात एक पाय घसरण्याची जागा आहे. ‘डायरेक्ट’ आणि ‘प्युअर डायरेक्ट’ ही नावे शुद्धतेचा भास निर्माण करतात, त्यामुळे जाणकार मंडळी मोठ्या निष्ठेने तीच लावतात. पण हे मोड पुष्कळ रिसीव्हरांवर टोन कंट्रोलबरोबर खोलीनुसार केलेली दुरुस्तीही बंद करतात. लहान स्पीकर असलेल्या घरात त्यामुळे आवाज शुद्ध होण्याऐवजी पोकळ होतो. तुम्ही मायक्रोफोन लावून खोलीचे मोजमाप करून घेतले असेल, तर चित्रपटासाठी ‘स्ट्रेट’ किंवा ‘ऑटो’ लावावे आणि ‘डायरेक्ट’च्या मोहात पडू नये.

दोन चॅनेल आले आणि स्पीकर पाच आहेत, तेव्हा मात्र निवड खरोखर करावी लागते, आणि ती करताना रिसीव्हर आत काय करतो हे ठाऊक असले तर पुष्कळ कोडी सुटतात. याची मुळे १९७० च्या दशकातल्या चित्रपटगृहांत आहेत. चित्रफितीच्या कडेला प्रकाशाने वाचता येतील असे दोनच ध्वनिपट्टे मावत होते, आणि पडद्यामागे तीन व सभागृहात एक असे चार चॅनेल हवे होते. यावर डॉल्बीने युक्ती काढली. मधल्या चॅनेलचा ध्वनी दोन्ही पट्ट्यांवर सारखाच टाकायचा, आणि सभागृहातला ध्वनी दोन्हींवर टाकायचा खरा, पण एका पट्ट्यावरच्या लहरी दुसऱ्याच्या उलट ठेवून. वाचताना यंत्राने एवढेच पाहायचे की, दोन्हीकडे जे सारखे ते मध्ये, जे परस्परविरुद्ध ते मागे, आणि जे एकाच बाजूला ते त्या त्या बाजूला. घरगुती यंत्रांत हे १९८२ साली ‘डॉल्बी सराउंड’ या नावाने आले, १९८७ साली त्याची सुधारित आवृत्ती ‘प्रो लॉजिक’ आली, आणि २००० सालच्या ‘प्रो लॉजिक २’ ने असे मुद्दाम न गुंफलेले साधे स्टिरिओही पाच ठिकाणी वाटायला सुरुवात केली. आजच्या रिसीव्हरांतली ‘डॉल्बी सराउंड’ ही २०१४ सालची नवी पद्धत आहे. नाव जुने, पण आतले गणित पुष्कळ सूक्ष्म. ती ध्वनीचे अनेक कंप्रतापट्टे पाडून प्रत्येकाची तपासणी स्वतंत्रपणे करते, आणि छताकडचे स्पीकर असतील तर त्यांच्याही वाट्याला काही देते. डीटीएसचे न्यूरल:एक्स हे याच जातीचे.

क्रिकेटच्या सामन्यावर हे फार छान कळते. समालोचकाचा आवाज दोन्ही चॅनेलांत सारखाच असतो, म्हणून तो मधल्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. मैदानातला कोलाहल वेगवेगळ्या मायक्रोफोनांनी टिपलेला, म्हणून दोन्ही चॅनेलांत तो वेगवेगळा असतो, आणि यंत्र त्यातला बराच भाग बाजूच्या स्पीकरांकडे ढकलते. साधे स्टिरिओ आलेले असतानाही आपण प्रेक्षकांत बसल्यासारखे वाटते, ते त्यामुळे. यातून एक फायदाही पदरात पडतो: एखाद्या समालोचकाची बडबड असह्य झाली, तर मधल्या स्पीकरची पातळी पाच-सहा डेसिबलने उतरवावी, तो मागे सरतो आणि मैदान पुढे येते.

याच गणिताची दुसरी बाजू जुन्या गाण्यांवर दिसते. एका स्नेह्यांनी वडिलांच्या आवडीची जुनी भावगीते आणि नाट्यपदे नव्या यंत्रणेवर लावली, आणि पाचांपैकी फक्त मधला स्पीकर वाजू लागला. बाकीच्या चारांना कान लावून पाहिला, तर त्यांत काहीच नाही. स्पीकर जळाले या शंकेने त्यांनी मला बोलावले. जळले काहीच नव्हते. ती ध्वनिमुद्रणे मोनो होती, म्हणजे डाव्या आणि उजव्या चॅनेलमध्ये तंतोतंत एकच ध्वनी होता, आणि ‘जे सारखे ते मध्ये’ या नियमाने यंत्राने सगळेच्या सगळे मध्ये नेऊन ठेवले होते. मोड बदलून साधे ‘स्टिरिओ’ केल्याबरोबर समोरचे दोन्ही मोठे स्पीकर वाजू लागले, तबल्याला वजन आले आणि गायकाचा आवाज दोहोंच्या मधोमध, जिथे स्पीकरच नाही अशा जागी, उभा राहिला. पाहिले तर आधीचा मोड आपले काम अगदी चोख करत होता. फक्त ते काम त्या गाण्याच्या उपयोगाचे नव्हते.

संगीतासाठी स्टिरिओच चांगले, असे मी म्हणतो ते या अनुभवावरून, आणि माझी आवड त्यात मिसळलेली आहे हेही मान्य करतो. दोन स्पीकरांसाठी केलेले मिश्रण दोन स्पीकरांवर ऐकावे, हे तर्काला धरून आहे. मात्र त्याला एक अट आहे: ऐकणारा दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, मध्यभागी बसलेला हवा. जो आवाज कानावर आधी पोहोचतो त्याच्याच दिशेने तो येतो आहे असे मेंदू मानतो, त्यामुळे सोफ्याच्या डाव्या टोकाला बसलेल्या माणसाला स्टिरिओमधली गायिका डाव्या स्पीकरात शिरलेली वाटते. बातम्या किंवा मालिका पाहताना चार माणसे सोफ्यावर पसरलेली असतात आणि एक खाली भिंतीला टेकून भाजी निवडत असते. अशा वेळी संवाद मधल्या स्पीकरमध्ये बांधून ठेवणारा ‘डॉल्बी सराउंड’सारखा मोडच योग्य, कारण मग कुठेही बसले तरी बोलणाऱ्याचा आवाज पडद्यावरूनच येतो. गाण्यांसाठीही हा मोड वापरायचा असेल, तर काही रिसीव्हरांत ‘सेंटर स्प्रेड’ नावाचा पर्याय असतो, तो चालू करावा. गायकाचा आवाज एका पेटीत कोंडल्यासारखा न होता समोरच्या तिन्ही स्पीकरांवर पसरतो.

तिसरी जात कृत्रिम सभागृहांची. यामाहाने १९८६ साली ‘डीएसपी-१’ नावाचे यंत्र काढले, तेव्हापासून ही कल्पना घराघरांत आली. खऱ्या सभागृहांत जाऊन तिथल्या भिंतींवरून आणि छतावरून ध्वनी किती वेळाने व किती जोराने परावर्तित होतो याची मोजमापे घ्यायची, आणि तसेच पडसाद घरातल्या स्पीकरांतून मूळ ध्वनीत मिसळायचे, हे त्यामागचे तत्त्व. शास्त्र म्हणून यात खोटे काही नाही. अडचण अशी की, चित्रपटातल्या प्रत्येक जागेचा घुमारा ध्वनिसंयोजकाने आधीच घातलेला असतो. देवळाच्या गाभाऱ्यातला संवाद गाभाऱ्यासारखा आणि शेतातला शेतासारखा. त्यावर व्हिएन्नाचे सभागृह चढवले की शेतकरीही सभागृहातच बोलू लागतो. शिवाय आपल्याकडच्या सदनिकांत खाली चकचकीत फरशी, भिंती उघड्या, खिडकीला पातळ पडदा. खोली स्वतःच टाळी वाजवली तर खणखणते. अशा खोलीत ‘हॉल’ मोड लावणे म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. त्याचा पहिला फटका बोलण्याला बसतो: एका शब्दाचे शेपूट पुढच्या शब्दावर चढते आणि भरभर बोललेले वाक्य अर्धेच कळते. स्टुडिओत अगदी कोरडे मुद्रित केलेले एखादे बासरीवादन मात्र अशा मोडवर कधीकधी खुलते. पडसादांची पातळी दोन-तीन डेसिबलने खाली घेतली तर अधिकच.

ज्या मोडवर आम्ही सात-आठ महिने काढले, त्या मल्टी चॅनेल स्टिरिओचे काम याहून अगदी साधे आहे. डाव्या चॅनेलचा ध्वनी डावीकडच्या पुढच्या आणि मागच्या स्पीकरांना, उजव्याचा उजवीकडच्यांना, आणि दोहोंची बेरीज मधल्याला. त्यात दिशा उरत नाही. उरतो तो खोलीभर सारखा पसरलेला आवाज. दुकानात हाच मोड लावून दाखवतात, कारण ‘सगळे स्पीकर चालतात’ हे गिऱ्हाइकाला एका क्षणात पटते. ज्या प्रसंगी कुणीच एका जागी बसून ऐकत नसते, अशा प्रसंगी हा मोड उत्तम: हळदीकुंकू, वाढदिवस, किंवा रविवारी सकाळी घरभर चाललेली आवराआवर.

‘संवाद ऐकू येत नाहीत आणि मारामारी सुरू झाली की शेजारी दार वाजवतात’ ही तक्रार घेऊन पुष्कळ लोक मोड बदलत बसतात, पण तिचे मूळ मोडमध्ये नसतेच. चित्रपटाचे मिश्रण ज्या मोठ्या पातळीला धरून केले जाते, तिच्याहून वीसेक डेसिबल खाली आपण घरी ऐकतो. तेवढ्या खाली आल्यावर कुजबुज पंख्याच्या आवाजात बुडते, आणि कानाची खालच्या स्वरांबद्दलची संवेदना इतरांपेक्षा जास्त वेगाने घटते. हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवले होते. यावर तीन उपाय आहेत आणि ते तिन्ही कोणत्याही मोडबरोबर वापरता येतात. मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवणे हा पहिला आणि सर्वांत परिणामकारक. ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज कंट्रोल’ हा दुसरा. तो मोठे आवाज दाबतो आणि लहान आवाज उचलतो, म्हणून रात्री अकरानंतर तो लावावा आणि दुपारी आठवणीने काढावा, नाहीतर ढगांचा गडगडाट आणि दाराची कडी सारख्याच आवाजात ऐकू येतात. तिसरा उपाय सबवूफरची, म्हणजे खालच्या दणक्यांसाठीच्या स्पीकरची, पातळी उतरवण्याचा. खालच्या मजल्यापर्यंत जातो तो त्याचाच दणका, संवाद नव्हेत.

या सगळ्याआधी स्पीकर जागच्या जागी असायला हवेत. सराउंड स्पीकर डोळ्यांसमोरच्या रेषेपासून साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या जरासे मागे असावेत, असे आंतरराष्ट्रीय शिफारस सांगते. आपल्याकडे सोफा बहुधा भिंतीलाच चिकटलेला असतो, तेव्हा ते अगदी दोन्ही बाजूंना आले तरी चालते, पण टीव्हीच्या शेजारीच पाच स्पीकर मांडले तर कुठलाच मोड त्यांना मागे नेऊ शकत नाही. अंतरांची नोंदही बरोबर हवी, कारण ध्वनीला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात आणि जवळचा स्पीकर तेवढा थांबवून धरावा लागतो. रिसीव्हरबरोबर मिळालेला छोटा मायक्रोफोन हेच मोजतो. तो खोक्यातच पडून असेल, तर आधी तो काढावा.

बहुतेक रिसीव्हर प्रत्येक इनपुटसाठी लावलेला शेवटचा मोड लक्षात ठेवतात, आणि काही तर त्याच इनपुटवर दोन चॅनेल आले तर वेगळा आणि ५.१ आले तर वेगळा मोड जपून ठेवतात. त्यामुळे हा खटाटोप एकदाच, पण ते ते साधन प्रत्यक्ष वाजत असताना करावा लागतो. आमच्याकडे आता सेट टॉप बॉक्सवर स्टिरिओ आले की डॉल्बी सराउंड लागते आणि ५.१ आले की ते जसेच्या तसे वाजते. ब्लूटूथवरून गाणी आली की साधे स्टिरिओ. मल्टी चॅनेल स्टिरिओ वर्षातून दीड दिवस लागतो, गणपती घरी असतात तेव्हा, आणि विसर्जन करून परतल्यावर तो कुणीतरी बदलायला विसरतेच.